दारी हत्ती

म्युनिक, रविवार रात्र

प्रिय विन्या,

तुझे तिन्ही व्हॉइस मेसेज ऐकले. तिसऱ्यात गाडीपेक्षा तुझा श्वासच जास्त ऐकू येतो. व्हॉट्सॲपवरच उत्तर दिलं असतं, पण तुझा फोन निम्मा वेळ वहिनींच्या हातात असतो, म्हणून चक्क कागद काढला. पाकीट ऑफिसच्या पत्त्यावर धाडतोय. अक्षराला हसू नकोस.

तर तुला बीएमडब्ल्यूची एम५ घ्यायची आहे. वापरलेली, एफ९० मॉडेल. आणि तू मला विचारतोस, कारण माझ्याकडे तिची आजी आहे. मध्ये एक पिढी गेली, आणि वागतेही आजीसारखीच. माझी ई६०, २००६ सालची. पाच लिटरचं दहा सिलिंडरचं इंजिन, टर्बो नाही, ५०७ अश्वशक्ती, सुई ८२५० आरपीएमपर्यंत, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांपर्यंत चढते. त्याचा ब्लॉक इथून तासाभरावरच्या लांड्सहुटच्या फाउंड्रीत ओतला जायचा. त्याच फाउंड्रीत त्यांच्या फॉर्म्युला वनच्या इंजिनाचेही ब्लॉक ओतले जायचे. ही एक गोष्ट ऐकून मी निम्मा विकला गेलो होतो हे कबूल करतो.

आज पहाटे साडेपाचला तिला बाहेर काढली. एप्रिल ते ऑक्टोबर एवढेच महिने तिला रस्त्यावर परवानगी आहे. इथे तशी नंबरप्लेट मिळते, उजव्या कडेला ०४ आणि १० असे आकडे एकाखाली एक छापलेले. टॅक्स आणि विमा तेवढ्याच महिन्यांचा भरायचा. बाकीचे पाच महिने गाडी तळघरात चादर पांघरून, आणि मी मेट्रोत लोंबकळत. म्हणजे जावई पाहुणा आला तरी त्याला एक वेळ भांडी घासायला सांगता येतील, हिला जानेवारीत दूध आणायलासुद्धा नेता येत नाही.

सुरू केली की ती ५०७ नाही, ४०० अश्वशक्तीवर जागी होते. उरलेली १०७ स्टिअरिंगवरचं एम लिहिलेलं बटण दाबल्यावर. पण ते लगेच दाबायचं नसतं. आरपीएमच्या काट्याभोवती पिवळे-लाल दिवे असतात, तेल थंड असताना ते खालपर्यंत पसरलेले. जसं तेल तापतं तसा एकेक दिवा वर सरकत विझतो. पंधरा मिनिटं मी ट्रकांच्या मागे ८० ने जातो आणि ते दिवे विझताना बघतो. लहानपणी आजी चुलीवरच्या दुधाकडे जसं बघायची, तसं. बायको म्हणते, एवढी सबुरी माझ्या आईबरोबर फोनवर बोलताना दाखवलीस तर बरं होईल.

मग ए-९२ हायवे. लांड्सहुट मागे पडलं की पुढे डिंगोल्फिंग, म्हणजे ही जिथे जोडली गेली ते गाव. मध्ये काही टप्प्यांवर वेगाची मर्यादाच नाही. तिथे बटण दाबलं. पाच हजार आरपीएमपर्यंत ती एक जड, सभ्य, चार दारांची गाडी. त्याच्या वर काय होतं ते कागदावर नाही लिहिता येत. गणपतीच्या मिरवणुकीत ताशाचा ठेका अचानक दुप्पट होतो आणि छातीत काहीतरी हलतं ना, ते. आज ते सगळे तुकडे जोडून पाचेक मिनिटं मिळालं. डेगेनडॉर्फला वळून घरी येईपर्यंत सत्तर लिटरची टाकी पाऊण रिकामी.

आता हिशोब. ही गाडी नवी होती तेव्हा ८६ हजार युरोच्या घरात होती. मी तिच्या चौथाईत घेतली आणि आठवडाभर स्वतःला शहाणा समजत होतो. चूक इथेच होते, विन्या. गाडीची किंमत उतरते, तिच्या पार्ट्सची नाही. ब्रेकची डिस्क ८६ हजारांच्या गाडीचीच राहते. पुढचे टायर २५५ मिलिमीटर रुंद, मागचे २८५, त्यामुळे टायर पुढचे मागे करून वर्ष काढायचीही सोय नाही. इंजिनाचं तेल १०डब्ल्यू-६० या जाड ग्रेडचं, तेही नऊ लिटरच्या वर. या इंजिनाचे कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग वेळेआधी बदलून घ्यावेत, असं जाणकार सांगतात. मीही बदलले, अडीच हजार युरो मोजून. मेकॅनिकने जुने बेअरिंग माझ्या तळहातावर ठेवले, छोट्या चकचकीत अर्धचंद्रकोरी. म्हणाला, अजून दोन वर्षं सहज गेले असते. म्हणजे अडीच हजारांना मी काय विकत घेतलं? रात्रीची झोप.

तुझी एफ९० वेगळ्या स्वभावाची आहे, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. ४.४ लिटरचं व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, दोन टर्बो, ६०० अश्वशक्ती, आणि ७५० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, १८०० आरपीएमपासूनच. माझीला ५२० मिळवायला ६१०० पर्यंत पिळावं लागतं. म्हणजे तुला मजा घ्यायला पिसाटायची गरज नाही, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्समुळे चांदणी चौकात ती एखाद्या समंजस सुनेसारखी चालेल. माझा गिअरबॉक्स आपोआप क्लच दाबणारा, तळघराच्या चढावर रिव्हर्स घेताना मला घाम फुटतो.

पण ती १०० ला ३.४ सेकंदांत पोचते. एक्स्प्रेस-वेची मर्यादा १००. बाकीचा दीड तास काय करणार आहेस? समृद्धीवर १२०, म्हणजे अजून एखादा सेकंद. वर कॅमेरे आहेतच.

त्यात त्या इंजिनाचे टर्बो दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांच्या मधल्या खोबणीत बसवलेले असतात, म्हणजे सगळी उष्णता मध्यभागी. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये मे महिन्यात आजूबाजूच्या रबरी नळ्यांचं काय होत असेल, विचार कर. २०१८ला ती भारतात १ कोटी ४३ लाखांना आली होती. तुला निम्म्यात मिळतेय म्हणतोस. सर्व्हिसचं बिल मात्र १ कोटी ४३ लाखांच्याच गाडीचं येईल.

घेऊ नको म्हणत नाही. तुझ्या वडिलांची ती लॅम्ब्रेटा आठवते का? काका शनिवारी दुपारी तिचे पार्ट्स वर्तमानपत्रावर मांडून बसायचे, आणि काकू म्हणायच्या, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. स्कूटर किती चालली आठवत नाही, पण ते पसरलेलं वर्तमानपत्र मला स्पष्ट दिसतं. तुझ्यात ते आहे की नुसती ६०० ची हौस, ते तूच बघ. मला बिलं भरताना शिव्या सुचतात, आणि तरी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी चादर घालताना घशात अडकतं. दोन्ही खरं आहे.

बघायला जाशील तेव्हा चाकांच्या आत डोकाव. ब्रेकचे कॅलिपर, म्हणजे डिस्क पकडणारे चिमटे, सोनेरी असतील तर ब्रेक महागडे कार्बन-सिरॅमिक, डिस्कवर बोट फिरव, आणि बदलायचा खर्च लेखी माग. चारही टायरांवरची उत्पादनाची तारीख वाच. सर्व्हिसचा इतिहास पूर्ण हवा, एक जरी वर्ष गायब असेल तर चहा पिऊन परत ये. वॉरंटी वाढवून मिळत नसेल तरी तेच. आणि फक्त मागच्या चाकांना ताकद देणारा तिचा एक मोड आहे, त्याला पावसाळ्यात हात लावू नकोस, माझी शपथ.

टेस्ट ड्राइव्हला वहिनींना मागच्या सीटवर बसव. पुढे नको, मागेच. स्पीडब्रेकरवर त्या काय म्हणतात ते शब्दशः लिहून पाठव, मग बोलू.

काकूंना नमस्कार.

तुझा,
मंग्या