सुभेदार मामा, साहेब कुणाला म्हणायचं ते तुमच्यामुळं कळलं

रामराम मामा,

खरं तर जय हिंद म्हणायला पाहिजे, पण तुमच्यापुढं माझा हात काही नीट वर होत नाही अन् तुम्ही हसता. समोर आलो की "चहा घे" म्हणून विषयच बदलता, म्हणून इथं सगळ्यांदेखत लिहायलोय.

आमच्या औसा तालुक्यात साहेब म्हणलं की टेबलामागचा माणूस. सातबारा, पीकविमा, चकरा मारून मारून डोक्यात तेच बसलेलं. त्यामुळं लेकरू दहावीत असताना तुम्ही म्हणलात ह्याला ऑफिसरच्या लाईनला घाला, तर मला पटलंच नाही. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत काढावं, भरती व्हावं, एवढ्यासाठीच मी त्याला तुमच्या ग्राउंडवर सोडलेलं.

मग तो चिखलाचा दिवस. पळणं कॅन्सल, तर तुम्ही पोरांना एका रांगेत बाभळीकडं चालायला लावलं अन् मधेच ओरडलात, डावीकडनं फायर आलं, आता काय करणार? निम्मी आडवी झाली, दोघं पळाली, आमचं नुसतंच उभं. तुम्ही म्हणलात, सगळे मेले.

अन् तिथंच चिखलात काडीनं रेघा ओढून सांगितलंत. २५ नोव्हेंबर १९८७, श्रीलंका, ऑपरेशन पवन, म्हणजे आपली शांतिसेना तिथं एलटीटीईच्या अतिरेक्यांशी लढत होती ते. महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन, जन्म मुंबईचा, वय ४१. सर्च ऑपरेशन करून रात्री उशिरा तुकडी माघारी निघालेली अन् अतिरेकी दबा धरून बसलेले. साहेबांनी डोकं शांत ठेवलं, मागनं वळसा घालून त्यांनाच घेरलं अन् सरळ त्यांच्यात घुसले. हातघाईत एकानं छातीत गोळी घातली, तर त्याचीच रायफल हिसकावून त्याला आडवा केला, अन् जीव जाईपर्यंत ऑर्डर देत राहिले. पाच अतिरेकी मारले, तीन रायफली अन् दोन रॉकेट लाँचर हाती लागले. मरणोत्तर परमवीर चक्र, महार रेजिमेंटचं एकमेव.

"मी त्यांच्या बटालियनचा नव्हे, सागरच्या महार रेजिमेंट सेंटरला रंगरूट असताना ऐकलेलं सांगतोय," हे तुम्ही आधीच बोलून टाकलंत, ते मला लई आवडलं. अन् छातीतल्या गोळीवर तुम्ही जास्त थांबला नाहीत, ऑर्डरवर थांबलात. गोळी लागली की माणूस स्वतःचं बघतो, हा दुसऱ्यांना कुठनं जायचं ते सांगत होता, ह्याला आम्ही साहेब म्हणतो, म्हणलात.

एसपीआयचा फॉर्मही तुम्हीच भरायला लावलात. संभाजीनगरची १९७७ पासूनची सरकारी संस्था, पोरांची एनडीएची, म्हणजे फौजेतले ऑफिसर घडवणाऱ्या अकादमीची, तयारी करून घेते, अन् मला नावसुद्धा माहीत नाही! आमच्या लातूरला नीट-जेईई सोडून कोण काय बोलतंय. गणित कच्चं म्हणून गुरुजींच्या मागं तुम्हीच लागलात, अन् मी फीचं विचारलं तर आठ दिवस बोलला नाहीत.

जूनमध्ये सोडून आलो त्याला. एनडीए होईल न होईल, एसएसबीच्या मुलाखतीत भलेभले गळतात. पण दिवाळीला आला तेव्हाचं सांगतो, रात्रीची विहिरीवरची मोटार बंद पडली, मी शिव्या घालत बसलो अन् हे लेकरू धाकट्याला बॅटरी धर, चुलत्याला स्टार्टर बघा, मला म्हणतंय पप्पा तुम्ही आधी मेन बंद करा. मी गप उठलो अन् बंद केला.

हुरडा आलाय मामा. रविवारी मामीला घेऊन शेतावर या, अन् येताना काही आणू नका.

तुमचा,
त्या उभ्या राहिलेल्या पोराचा बाप