फोंड्याहून: तुझ्याकडची ती सीडी

फोंडा, गोवा
5 जुलै 2026

प्रिय सुभाष,

सप्रेम नमस्कार.

फोन केला असता, पण तू मध्येच हसायला लागला असतास आणि माझं काम राहून गेलं असतं. म्हणून पत्र. काम शेवटी सांगतो, आधी पराक्रम ऐक.

2019 मध्ये घेतलेला माझा कॉम्प्युटर तुला आठवत असेल. गेल्या वर्षी 14 ऑक्टोबरला विंडोज टेनचे नेहमीचे अपडेट थांबले, तेव्हापासून धाकटा माझ्या मागे लागला होता. तो वेर्ण्याला नोकरीला आहे. रविवारी घरी आला की पहिला प्रश्न, "बाबा, अजून टेनच?" मी म्हणायचो, चालतंय ना, मग? शेवटी मशीन इतकी रेंगाळायला लागली की सकाळी बटण दाबून मी पोदेराकडून (पाववाल्याकडून) उंडे घेऊन यायचो, तरी पडदा निळाच. तेव्हा ठरवलं, वरवर रंगसफेदी नको. सगळं पुसून कोरी पाटी करायची आणि त्यावर विंडोज इलेव्हन घालायचं. तेही स्वतः, मुलाच्या मदतीशिवाय.

आधी तपासलं, तर उत्तर आलं की हा कॉम्प्युटर इलेव्हनला लायक नाही! प्रोसेसर आठव्या पिढीचा, म्हणजे चालणारा. मग अडलं कुठे? टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय लागते, ती मशीनमध्ये होती, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद करून ठेवलेली. तिथे तिचं नाव पीटीटी असं लिहिलेलं असतं, त्यामुळे दोन दिवस ती माझ्या नजरेसमोर होती आणि मी तिलाच शोधत होतो. ती चालू केली आणि एका रात्रीत आमची मशीन लायक झाली.

आठ जीबीचा पेन ड्राइव्ह तयार केला. बाहेर पाऊस असा की लाईट दर अर्ध्या तासाने डोळा मारत होती, म्हणून सगळं इन्व्हर्टरवर. सेटअपने एका चौकटीत कबुली घेतली की सगळं पुसलं जाईल. मी खूण केली. मग डिस्कचा एकेक भाग, म्हणजे पार्टिशन, डिलीट करत गेलो, सी गेला, डी गेला, शेवटी पडद्यावर एकच ओळ उरली: अनअलोकेटेड स्पेस, म्हणजे नुसती रिकामी जागा. खोटं नाही सांगत, हात थरथरला. डी ड्राइव्हचं सगळं बाहेरच्या दोन डिस्कवर घेतलेलं होतं, तरीसुद्धा.

पुढचं सोपं गेलं. प्रॉडक्ट की विचारली तेव्हा "माझ्याकडे नाही" म्हटलं, तरी नंतर ते आपोआप अ‍ॅक्टिव्हेट झालं, कारण जुनं डिजिटल लायसन्स त्या मदरबोर्डाशीच बांधलेलं असतं. एका ठिकाणी मात्र अडकलो. इंटरनेट जोडल्याशिवाय ते पुढे जाईना आणि माझ्या वायफायच्या डाँगलला ते ओळखही देईना. तासभर बसलो. मग मोबाइल वायरने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं, लगेच वाट मिळाली. खातं जोडल्यावर डिस्कला आपणहून कुलूप लागलं. त्याची 48 आकडी रिकव्हरी की मी भिंतीवरच्या कालनिर्णयच्या मागे लिहून ठेवली. वर्ष संपल्यावर ते रद्दीत जाईल, हे हिच्या लक्षात आलं, माझ्या नाही.

मशीन आता वाऱ्यासारखी पळते. चहा घेतला, खुर्चीत ऐसपैस बसलो आणि हौसेने जुनं एक हँडबिल उघडलं, जत्रेतल्या काल्याचं, 2008 सालचं. पडद्यावर रोमन अक्षरं, टिंबं, डॉलरची खूण, उलटे स्वल्पविराम. काल्याच्या हँडबिलाचाच काला!

तुला कारण सांगायला नको. पण धाकट्याला समजावताना माझं मलाच ते पहिल्यांदा धड कळलं. आपण वीस वर्षं जे टाइप केलं, ते कॉम्प्युटरच्या लेखी मराठी नव्हतंच. त्याला ती रोमन अक्षरं आणि चिन्हंच वाटत होती. त्या जागांवर मराठीची चित्रं काढायचं काम आपला फॉन्ट करत होता. अर्धा श वेगळा, काना वेगळा, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी. आता यूनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, 'क' म्हणजे 0915, फॉन्ट कुठलाही असो. तेव्हा मात्र फॉन्ट गेला की अक्षर गेलं. आणि फॉन्ट राहतो विंडोजच्या पोटातल्या फोल्डरात, सी ड्राइव्हवर. मी डेस्कटॉप घेतला, डॉक्युमेंट घेतले, अख्खा डी घेतला, हिचे पाककृतींचे फोटोसुद्धा घेतले. त्या फोल्डराकडे पाहिलंही नाही. पस्तीस वर्षं अक्षरं जुळवून पोट भरलेला माणूस मी.

ज्यांची पीडीएफ केली होती ती बचावली, कारण तिच्यात फॉन्ट सोबत जातो. आरतीसंग्रह आहे, सप्ताहाच्या दोन पत्रिका आहेत. दुसऱ्या एका कंपनीचा फॉन्ट लावूनही पाहिला. अर्धं जुळलं आणि अर्ध्याने लाज आणली. रफार भलत्याच्या डोक्यावर, 'ळ'च्या जागी आकडा. प्रत्येकाची मांडणी वेगळी, हे विसरलो होतो.

पण आपल्या गावच्या नाटकाची संहिता? तिची पीडीएफ नाही. तुला आठवतं ना, तात्यांच्या प्रॉम्प्टिंगच्या वहीवरून तू ती पाच रात्री बसून उतरवली होतीस, मी वाचत होतो आणि तू शिव्या घालत होतास. ती वही नंतर वाळवीने खाल्ली. म्हणजे ते नाटक आता त्या एका फाइलीत आहे, आणि ती फाइल मला डॉलरच्या खुणा दाखवते. यंदा अधिक महिन्यामुळे चवथ 14 सप्टेंबरला आलीय, आणि चवथ झाली की पोरं तालमीला बसणार. त्यांना मी काय वाचायला देऊ?

तर आता काम. छापखाना बंद झाला तेव्हा मी छपाईच्या खिळ्यांचा एक केस आणि कात्री घेतली, तू फॉन्टच्या सीडीची पेटी सावंतवाडीला नेलीस. ती शोध. सीडीवर बुरशी आली असेल तर मऊ कापडाने मधून बाहेरच्या दिशेला पूस, गोल गोल नको. नावाच्या शेवटी टीटीएफ असलेल्या सगळ्या फाइली घे, एक घेऊन थांबू नकोस, कारण ठळक आणि तिरपा वेगळे होते. आणि तुझी मशीन अजून पुसली नसशील, तर सीडीच्या आधी तिथेच बघ, कदाचित ते फॉन्ट तुझ्याकडे बसलेलेच असतील.

मेलने पाठवलंस तरी चालेल. पण स्वतःच घेऊन आलास तर जास्त बरं. फॉन्ट चढवला की लगेच ती संहिता यूनिकोडमध्ये करून टाकू. कन्व्हर्टर वेलांट्या आणि रफार हमखास चुकवतो, म्हणजे मुद्रितशोधन आलंच. मी वाचीन, तू शिव्या घाल.

वहिनींना नमस्कार, नातीला आशीर्वाद.

तुझा,
अनंत

ता. क. : येताना त्या सीडीबरोबर तुझ्याकडचा जुना सीडी ड्राइव्हही आण. माझ्या या कॅबिनेटला ते भोकच नाही, हे आत्ता पाहिलं.