मित्रास पत्र : ‘अचानक’ म्हणतोस ते

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. साखर वाढलेली निघाली म्हणून तू हादरला आहेस, आणि ‘अचानक कसं झालं?’ याच प्रश्नाभोवती पत्रभर फिरला आहेस. औषधांचं तुझे डॉक्टर बघतील; मी फक्त त्या ‘अचानक’बद्दल लिहितो.

अरे, टाइप २ मधुमेहाचं निदान होईपर्यंत स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींची कुवत साधारण निम्म्यावर आलेली असते. त्वचेखालच्या चरबीपेशींत चरबी मावेनाशी झाली की ती यकृतात आणि स्नायूंत जाऊन बसते, आणि तिथल्या पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. मग बीटा पेशी जास्तीचं इन्सुलिन सोडून वेळ मारून नेतात. अशी वर्षानुवर्षं निघून जातात आणि रिपोर्टात साखर मात्र नॉर्मल! त्या दमल्या की मगच आकडा चढतो.

तुझा एचबीए१सी म्हणजे हिमोग्लोबिनला चिकटून बसलेल्या साखरेचं माप. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि तेवढा काळ साखर तिला चिकटत राहते. त्यामुळे तपासणीच्या आदल्या दिवशी उपास करून हा आकडा खाली येत नाही. (तुझा स्वभाव ठाऊक आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं.)

‘साखरेचा आणि हृदयाचा काय संबंध?’ असंही तू विचारलंस. खरी गंमत तिथेच आहे. एलडीएलचे, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण धमनीच्या आतल्या अस्तराखाली शिरतात, अडकतात आणि तिथे त्यांचं ऑक्सिडेशन होतं. मधुमेहात ते अस्तरच दुखावलेलं असतं, त्यामुळे हे सगळं लवकर घडतं. मॅक्रोफेज नावाच्या पेशी साफसफाईला येतात. एरवी पेशीत कोलेस्टेरॉल पुरेसं झालं की ते आत घेणारे रिसेप्टर (पेशीवरचे दरवाजेच म्हण) कमी होतात. मॅक्रोफेज हे बिघडलेले कण ज्या रिसेप्टरने गिळते, त्याला तसा लगाम नाही. ती खातच सुटते, फुगते, तिथेच मरते, आणि तिला आवरायला आणखी मॅक्रोफेज येतात. त्या ढिगावर शरीर तंतूंचं झाकण घालतं. हे झाकण पातळ होऊन फाटलं की रक्ताची गुठळी होते आणि झटका येतो. मग ती जागा आधी फारशी अरुंद झालेली नसली तरीही.

यात बाहेरचा शत्रू कुणीच नाही. सगळी आपलीच दुरुस्तीची माणसं, फक्त काम थांबवायचा हुकूम त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

या पेशींच्या सततच्या धावपळीलाच दाह (इन्फ्लमेशन) म्हणतात. मग तो दाहच दाबून टाकावा? २०१७ साली कॅन्टोस चाचणीचे निष्कर्ष आले. पूर्वी झटका येऊन गेलेल्या १०,००० हून अधिक रुग्णांवर ती झाली. इंटरल्युकिन-१ बीटा हा दाह पेटवणारा निरोप्या रेणू अडवणाऱ्या औषधाच्या मधल्या मात्रेने झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी घटले, तेही एलडीएल न उतरवता. पण जंतुसंसर्गाने दगावणारे थोडे वाढले. जंतूंशी लढणारी यंत्रणा हीच ना! म्हणून ‘दाह मुळापासून घालवणारं’ चूर्ण कुणी फॉरवर्ड केलं तर सरळ डिलीट कर.

तुझ्या बाजूने एक गोष्ट आहे: निदान ताजं आहे. ब्रिटनमधल्या डायरेक्ट चाचणीत निदानाला सहा वर्षं उलटली नव्हती अशा लोकांचं वजन देखरेखीखाली उतरवलं, तेव्हा वर्षाअखेर ४६ टक्के जणांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. यकृतातली, स्वादुपिंडातली चरबी आधी हटते. डॉक्टरांशी हे बोल.

आणि पुढच्या पत्रात एलडीएल किती आणि लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन जातंय का, ते कळव. नुसता साखरेचा आकडा पाठवू नकोस.

तुझाच,
मित्र