लोरेन मिलर यांच्यावरच्या मराठी पुस्तिकेसाठी मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार,

दोन वर्षांपूर्वी आपल्या मंडळातल्या एका कुटुंबाने पॅसाडेनात जुनं घर घेतलं. सह्यांच्या वेळी कागदांचा गठ्ठा हातात आला, त्यात १९२०च्या दशकातल्या एका टाइप केलेल्या पानाची पुसट झेरॉक्स होती. कॉकेशियन म्हणजे गोऱ्या वंशाखेरीज कुणी या जागेत राहायचं नाही, घरकामाचे नोकर तेवढे चालतील, अशी अट. वहिनींनी ते पान सभेत आणलं. हातोहात फिरलं, आणि बराच वेळ कुणी काही बोललंच नाही.

ती अट आज कुणी लागू करू शकत नाही. ज्यांनी ती मोडून काढली त्यांतलं मोठं नाव म्हणजे लॉस एंजेलिसचे वकील लोरेन मिलर. आपण याच शहरात राहतो आणि आपल्याला ते नाव माहीत नव्हतं, याची फार खंत वाटली.

मिलर १९०३ साली नेब्रास्कात जन्मले. वडील जन्माने गुलाम, आई गोरी. १९२८ साली कायद्याची पदवी घेतली, पण जीव लिखाणात. लॉस एंजेलिसला आले आणि 'कॅलिफोर्निया ईगल' या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकात लिहू लागले. वकिलीत पुढे उतरले.

त्यांचा शुगर हिलचा खटला प्रत्येकाने वाचावा असा आहे. शुगर हिल म्हणजे लॉस एंजेलिसची वेस्ट ॲडम्स हाइट्स ही वस्ती. तिथे ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय अभिनेत्री हॅटी मॅकडॅनियल यांनी घर घेतलं होतं. त्यांना आणि इतर कृष्णवर्णीय शेजाऱ्यांना बाहेर काढा म्हणून गोऱ्या घरमालकांनी दावा लावला. डिसेंबर १९४५मध्ये न्यायाधीश थर्मंड क्लार्क स्वतः वस्ती पाहून आले आणि कायद्यापुढे सर्वांना समान संरक्षण देणाऱ्या, राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीचा आधार घेऊन त्यांनी दावा फेटाळला. मिलर यांचं म्हणणं कोर्टाने मान्य केलं होतं.

पुढे अशाच अटीवरून अडवलेल्या डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय मॅकगी कुटुंबाचा खटला त्यांनी नागरी हक्कांचे वकील थरगूड मार्शल यांच्यासोबत सर्वोच्च न्यायालयात चालवला. ३ मे १९४८ रोजी, 'शेली विरुद्ध क्रेमर' या अशाच दुसऱ्या खटल्यासोबत, त्याचा निकाल लागला: वंशाची अट घालणारे करार कोर्टाने अमलात आणायचे नाहीत. करार मात्र बेकायदा ठरले नाहीत. म्हणून तर ते पान आपल्या फाइलीत सापडतं! मग अट मोडून घर विकणाऱ्याकडून नुकसानभरपाई मागण्याची पळवाट निघाली. तीही मिलर यांनीच १९५३ साली लॉस एंजेलिसच्या घर विकणाऱ्या लिओला जॅक्सन यांच्या बाजूने लढून बंद करून घेतली.

दरम्यान १९५१मध्ये त्यांनी 'ईगल'च्या मालक-संपादक शार्लोटा बास यांच्याकडून ते साप्ताहिक विकत घेतलं. १९६४मध्ये न्यायाधीश झाले. १९६७च्या जुलैत गेले. घरांतल्या भेदभावावर बंदी घालणारा देशपातळीवरचा कायदा त्यानंतर नऊ महिन्यांनी झाला. तो त्यांना पाहायला मिळाला नाही, याची चुटपुट लागून राहते.

आम्हाला त्यांच्यावर साठेक पानांची पुस्तिका काढायची आहे, सोपी, घरातल्या आजीआजोबांनाही वाचता येईल अशी. पहिल्या खेपेला ५०० प्रती. लिखाण सभासद विनामूल्य करत आहेत. पैसा लागतो तो कागद, छपाई आणि छायाचित्रांच्या परवानग्यांसाठी. जमेल ती रक्कम द्यावी, दहा डॉलरसुद्धा मोलाचे आहेत. रक्कम खजिनदारांकडे द्यावी आणि पावती आवर्जून घ्यावी.

पैशाइतकीच माणसांची गरज आहे. मिलर यांची कागदपत्रं सॅन मरिनोच्या हंटिंग्टन लायब्ररीत आहेत. तिथे बसून टिपणं काढायला आठवड्यातला एक दिवस देणारे दोघे-तिघे हवेत. शुद्धलेखन तपासणारं कुणी असेल तर फारच उत्तम.

आणखी एक विनंती. आपल्या घराची फाइल काढून जुनी पानं एकदा नीट वाचा. अशी अट सापडली तर कौंटी रेकॉर्डरच्या (मालमत्तेची कागदपत्रं नोंदवणाऱ्या) कार्यालयात अर्ज करून ती रद्द करून घेता येते. अर्ज भरायला आम्ही सोबत बसू. येत्या मासिक सभेला ते पान घेऊन या.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते