थायलंडचं कॅसिनो बिल आणि आपण

मा. संपादक,

थायलंडमध्ये 1935 चा जुगारबंदी कायदा आजही चालतो, सरकारी लॉटरी आणि घोड्यांच्या शर्यती सोडल्या तर बाकी जवळजवळ सगळं बेकायदा. तरी तिथल्या सरकारनी कॅसिनोला (जुगाराच्या अड्ड्यांना) परवानगी देणारं बिल आणलं होतं, थाई माणसाला आत जायला 5,000 बाट (तिथलं चलन) फी वगैरे, लोक रस्त्यावर उतरले आणि जुलै 2025 मध्ये ते मागे घ्यावं लागलं. मला फार बरं वाटलं. बुद्धांनी सिगालोवाद सुत्तात, म्हणजे गृहस्थाला केलेल्या उपदेशात, जुगाराचे सहा तोटे सांगितलेत, त्यात एक म्हणजे जुगाऱ्याला कोणी मुलगी देत नाही, हे तर आपल्या घरातल्या म्हाताऱ्याही सांगायच्या!

पण खरी गोष्ट पुढे आहे. तिथे महिन्याच्या 1 आणि 16 तारखेला सरकारी लॉटरी निघते, 80 बाटचं तिकीट, आणि त्याच नंबरच्या शेवटच्या दोन-तीन आकड्यांवर गल्लोगल्ली चोरून पैसे लागतात, अगदी आपल्या मटक्यासारखे. म्हणजे कॅसिनो अडवलं तरी गरिबाचा खिसा रिकामा होतोच.

आमच्या इंदुरातही पोरं मोबाईलवर पैसे लावून बसतात, माझ्या भाच्यानी मोटरसायकलचे हप्ते त्यात घालवले, ताई अजून फेडतेय. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनी पैशाच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला, आता लपूनछपून चालणाऱ्या ॲपवर पोलिसांनी मनापासून कारवाई करावी, आणि मोहल्ल्यातला सट्टा घेणाराही सोडू नये.

– एक वाचक, इंदूर