काळोख काळाच दिसू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुने चित्रपट हौसेनं दाखवणाऱ्यांना कोल्हापुरात तोटा नाही. कॉलेजांचे फिल्म क्लब आहेत, तालमींची मंडळं आहेत, गच्चीवर पडदा बांधणाऱ्या सोसायट्या आहेत. त्यांच्या यादीत एखादा कृष्णधवल रहस्यपट असतोच: मोठी हवेली, वळणाचा जिना, कुलूपबंद खोली आणि गेलेल्या बाईची सावली. नेमका याच जातीचा चित्रपट सर्वांत वाईट दाखवला जातो. विनोदी चित्रपट कसाही लावा, लोक हसतात. हा चित्रपट काळोखावर चालतो. पडद्यावरचा काळा रंग राखाडी झाला की प्रेक्षक मोबाइल काढतात आणि ‘जुने पिक्चर संथच असतात’ असा शेरा मारून उठतात. यातला बराचसा दोष प्रोजेक्टरच्या सेटिंगचा असतो, आणि तो फुकटात दुरुस्त होतो. म्हणून हा पत्रप्रपंच.

दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकचा ‘रेबेका’ (१९४०) उदाहरणाला घेऊ. दाफ्ने द्यू मॉरिए यांच्या १९३८च्या कादंबरीवरचा हा चित्रपट. एक बुजरी मुलगी श्रीमंत विधुराशी लग्न करून त्याच्या मँडर्ली नावाच्या हवेलीत येते, तर तिथं अजून पहिल्या बायकोचाच अंमल चालू आहे. मराठी घरात हे समजावून सांगावं लागत नाही. माजघरात हार घातलेला फोटो, ‘आधीच्या वहिनीसाहेब असत्या तर असं झालं नसतं’ म्हणणारी जुनी बाई, आणि किल्ल्यांचा जुडगा मागावा की नाही हे न कळणारी नवी सून. या नव्या बायकोला चित्रपटभर नाव नाही. जिचं नाव शीर्षकात आहे ती रेबेका एकदाही पडद्यावर येत नाही, फ्लॅशबॅकमध्येही नाही.

समुद्रकाठच्या झोपडीतला प्रसंग पाहा. शेवटच्या भेटीत काय घडलं ते नवरा सांगतोय. दुसऱ्या कुणी इथं सरळ फ्लॅशबॅक टाकला असता. हिचकॉकचा कॅमेरा रिकाम्या कोचावर जातो, ती उठली असं नवरा म्हणताच त्या रिकाम्या जागेसकट उठतो आणि ती जशी चालली असेल तसा खोलीतून सरकत राहतो. समोर कुणी नाही, तरी प्रेक्षकाची नजर एका बाईच्या मागे फिरत असते. हाच प्रसंग दारातली ट्यूब चालू ठेवून पाहिला तर कॅमेरा फर्निचर दाखवतोय, एवढंच कळतं.

तीच गोष्ट डॅनव्हर्सबाईंची, म्हणजे घरच्या कारभारणीची. हिचकॉकनं फ्रेंच दिग्दर्शक त्रूफोला दिलेल्या मुलाखतीत सांगितलं आहे की या बाईला चालताना जवळपास दाखवलेलंच नाही. नायिकेला चाहूल लागते, ती वळते, तर ही तिथं उभी. ज्युडिथ अँडरसनचा काळा पोशाख मागच्या अंधाराला मिळून जातो आणि उरतात चेहरा नि हात, म्हणून हे साधतं. पोशाखाच्या कडा स्वच्छ दिसू लागल्या की अंधारातून आलेली बाई संपली. राहिली ती काळा झगा घातलेली नटी.

‘तेव्हा रंग नव्हते म्हणून कृष्णधवल’ हा समजही काढून टाकायला हवा. ‘रेबेका’चे निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांनी आदल्याच वर्षी, १९३९ मध्ये, ‘गॉन विथ द विंड’ टेक्निकलरमध्ये, म्हणजे रंगीत, काढला होता. दिग्दर्शक रॉबर्ट वाइज यांचे ‘वेस्ट साइड स्टोरी’ (१९६१) आणि ‘द साउंड ऑफ म्युझिक’ (१९६५) रंगीत. मधल्या १९६३ मधला झपाटलेल्या हवेलीचा ‘द हाँटिंग’ मात्र कृष्णधवल. पैसा होता, रंग होता, तरी नको म्हटलं. कारण सरळ आहे. रंगीत चित्रात लाल पडदा हिरव्या भिंतीपुढे आपोआप उठून दिसतो. कृष्णधवलमध्ये दोन्हींची राखाडी छटा एकच आली तर पडदा भिंतीत विरतो. मग प्रत्येक वस्तू उजेडानं वेगळी काढावी लागते: खांद्यामागून एक दिवा, चेहऱ्यावर एका बाजूनं एक, आणि दुसऱ्या बाजूची सावली भरून काढणारा दिवा मुद्दाम मंद. जिथं उजेड टाकला नाही तिथं प्रेक्षकापुरतं काहीच नाही. या चित्रपटांचं सगळं भांडवल तेवढंच.

कोल्हापूरकरांना तरी ही भाषा परकी वाटू नये. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी याच गावात कॅमेरा घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, ‘सावकारी पाश’ (१९२५) काढला. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या शांताराम, दामले, फत्तेलाल यांनी १९२९ मध्ये प्रभात कंपनीही इथंच काढली. ती पुण्याला गेल्यावर केलेल्या ‘कुंकू’त (१९३७) पार्श्वसंगीत नाही, घरातले, वस्तूंचे आवाजच काय ते. तो भयपट नव्हे, पण नको असलेल्या घरात कोंडलेली नवी नवरी तिथंही आहेच.

आता मुद्द्याचं. पहिली चूक चित्राच्या आकाराची. त्या काळच्या चित्रपटाची रुंदी उंचीच्या १.३७ पट असते; आजचा प्रोजेक्टर आणि टीव्ही १.७८ पटीचा. पडदा भरावा म्हणून चित्र ताणलं की माणसं जवळपास ३० टक्के रुंद होतात आणि डॅनव्हर्सबाई गुबगुबीत दिसतात. कुणी ‘झूम’ करतो, तेव्हा वरचा-खालचा मिळून सुमारे २३ टक्के भाग कापला जातो. कापलं जातं ते नेमकं छत, कमानी, जिन्याच्या पायऱ्या. म्हणजे ज्या उंच दारांपुढे नायिका एवढीशी दिसायला हवी, ती दारंच गेली. मेनूमध्ये ‘ॲस्पेक्ट’ शोधून ‘४:३’ किंवा ‘ओरिजिनल’ ठेवा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतील. राहू द्या. ‘पडदा पूर्ण भरत नाही’ अशी तक्रार येतेच, तेव्हा त्या पट्ट्यांवर काळं कापड टाका, तक्रार थांबते. मात्र साठीच्या दशकातले काही चित्रपट, ‘द हाँटिंग’ धरून, मुळातच रुंद पडद्याचे आहेत. त्यांना ४:३ मध्ये दाबलं तर माणसं काठीसारखी होतील, तेव्हा सरसकट एकच सेटिंग नको.

दुसरी चूक जास्त उजेडाची. ऑफिसातला ३५०० ल्यूमेनचा (ल्यूमेन हे प्रकाशाचं माप) प्रोजेक्टर दिवसाउजेडी तक्ते दाखवण्यासाठी असतो. हिशेब करून पाहा. १० फूट रुंद पडद्याची उंची ५.६ फूट, त्यात जुनं चित्र बसतं ७.७ फूट रुंद, म्हणजे साधारण ४३ चौरस फूट. चित्रपटगृहात दर चौरस फुटाला सुमारे १६ ल्यूमेन प्रकाश पुरेसा मानतात. त्या हिशेबानं ७०० ल्यूमेन झाले. काळ्या पट्ट्यांत वाया जाणारा प्रकाश धरला तरी ९०० मध्ये काम भागतं. आपण टाकतो त्याच्या जवळपास चौपट. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. थोडा प्रकाश त्यातून गळतोच, आणि दिवा जितका तेज तितकी ती गळती जास्त. म्हणून दिवा मंद करणारा ‘इको’ मोड लावा, ‘सिनेमा’ मोड निवडा, ‘डायनॅमिक’ आणि ‘व्हिविड’ यांना हात लावू नका. पडद्याजवळच्या पांढऱ्या भिंतीही वैरीच. पडद्यावरून उडालेला उजेड त्या परत पडद्यावर फेकतात. दोन्ही बाजूंना गडद चादरी टांगल्या तरी फरक डोळ्यांना दिसतो. बाहेर पडायच्या दारावरचा दिवा मात्र कधीही झाकू नये.

‘ब्राइटनेस’ ठरवण्याची सोपी रीत अशी. हॉल पूर्ण अंधारा करून काळ्या कपड्यातलं माणूस अंधाऱ्या जागी उभं असलेलं दृश्य थांबवा. कपड्याच्या चुण्या दिसेनाशा होईपर्यंत ब्राइटनेस उतरवा, मग एक-दोन घरं वर घ्या, चुण्या जेमतेम जाणवतील इतपत. त्यानंतर पांढरा कॉलर किंवा टेबलावरचा कागद असलेलं दृश्य लावा. त्यातले बारकावे पांढऱ्यात जळून गेले असतील तर ‘कॉन्ट्रास्ट’ कमी करा. हे दिवे चालू असताना केलं तर सगळी मेहनत वाया जाते. चित्रात हिरवट किंवा गुलाबी झाक असेल तर ‘कलर’ अगदी तळाशी आणा. मूकपटांचा अपवाद करावा; त्यातले कितीतरी प्रसंग मुळातच निळ्या, पिवळ्या रंगात बुडवून काढलेले असत.

पडद्यासाठी फ्लेक्सची पांढरी पाठ वापरण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे. ती चकचकीत असते, त्यामुळे मधोमध उजेडाचा गोळा दिसतो आणि कडा अंधारतात. त्यापेक्षा मांजरपाट दुहेरी घ्या, मागे काळं कापड लावा, नाहीतर बराच उजेड पलीकडे जातो. ताणून बांधा आणि शिवण मधोमध येऊ देऊ नका, चेहऱ्यावर रेघ उमटते. पावसाळ्यात प्रोजेक्टर पेटीत पडून राहिला असेल तर आधी लेन्स पाहा. आपल्या हवेत तिच्यावर बुरशीची जाळी धरते आणि मग कितीही सेटिंग करा, चित्र दुधाळच. हवेच्या फुग्यानं धूळ उडवून मऊ मायक्रोफायबरनं हलकं पुसा. रुमाल आणि तोंडाची वाफ नको. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात.

आवाजाकडे तर कुणी बघतच नाही. या चित्रपटांचा आवाज एकाच वाहिनीचा असतो, फार वरचे सूर त्यात नसतातच. तिथं असते ती खरखर. ‘ट्रेबल’ वाढवलं की खरखर वाढते. बास कमी करा, नकली ‘सराउंड’ बंद करा, स्पीकर पडद्याजवळ ठेवा. फरशीच्या हॉलमध्ये शब्द घुमतात, तिथं जाजम अंथरलं की अर्धं काम होतं. आवाजाची पातळी कुजबुजीवर ठरवा, किंकाळीवर नव्हे. ‘महल’ (१९४९) लावणार असाल तर हे फारच जपा. त्यातलं लताबाईंचं प्रसिद्ध गाणं लांबून ऐकू येत हळूहळू जवळ येतं. सगळी भुताटकी त्या अंतरात आहे. पहिल्या तबकड्यांवर गायिकेचं नाव न छापता ‘कामिनी’ हे पात्राचं नाव छापलं होतं, म्हणजे ऐकणाऱ्याला आवाजाची मालकीणही दिसू दिली नाही. ‘महल’च्या योझेफ विर्शिंग या जर्मन छायाचित्रकारानं प्रकाशाचं जे केलं, तेच इथं आवाजाचं. ‘नाइट मोड’सारखी आवाज समपातळीत आणणारी सोय चालू राहिली तर लांबचा आणि जवळचा आवाज एकाच मापाचा होतो आणि गाणं नुसतं रेडिओवर लागल्यासारखं वाटतं.

प्रत कोणती घेता यावर निम्मं यश आहे. इंटरनेटवरच्या फुकट प्रती फार दाबलेल्या असतात; अंधाऱ्या भागात चौकोन चौकोन थरथरताना दिसतात. ‘पाल’ या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडीवर सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटी पळतात, म्हणून १३० मिनिटांचा ‘रेबेका’ १२५ मिनिटांत संपतो आणि आवाजही किंचित चढतो. दुरुस्त केलेली ब्ल्यू-रे प्रत मिळाली तर तीच घ्यावी. रंगवलेल्या प्रतीच्या वाटेला जाऊ नये. ठार काळ्यावर रंग चढत नाही, आणि रंगासाठी सावल्या उजळल्या तर मग राहिलं काय?

घरी टीव्हीवर पाहणाऱ्यांनी ‘मोशन स्मूदिंग’ बंद करावं. कंपनीगणिक त्याचं नाव बदलतं. ते चालू असलं की १९४० चा चित्रपट मालिकेच्या शूटिंगसारखा गुळगुळीत पळतो. ‘नॉइज रिडक्शन’ही बंद, कारण ते फिल्मचा दाणा पुसताना धुकं आणि चेहऱ्याचा पोतही पुसतं. शार्पनेस तळाशी. सबटायटल शक्य तर फिक्या करड्या रंगात ठेवावीत. पांढरीशुभ्र अक्षरं काळोखात दिव्यासारखी टोचतात.

राहता राहिला मध्यंतर. बहुतेक परदेशी चित्रपटांत तो मुळात नसतो, आणि डोळे अंधाराला सरावायला दहा मिनिटं तरी लागतात. मधेच सगळे दिवे लावले की तो सराव पुन्हा पहिल्यापासून. चहा आधीच द्या; कोल्हापूरकर एकदा चहा झाला की दोन-सव्वादोन तास बसतो. खेळ जून ते सप्टेंबरमध्ये ठेवायचाच असेल तर पत्र्याच्या शेडऐवजी स्लॅबचा हॉल बघा. पत्र्यावरच्या सरीत कुजबुज सोडाच, संवादही ऐकू येत नाहीत.

आपले,
कृष्णधवल चित्रपटांचे काही प्रेक्षक,
कोल्हापूर