लपण वहाळावर हवे, घरट्यासमोर नको

संपादक महाशय,

मृग जवळ आला की तिबोटी खंड्या कोकणात विणीला लागतो आणि 'घरट्यासमोर लपण, फोटो हमखास' अशा जाहिराती फिरू लागतात. लपण म्हणजे पक्ष्यांच्या नजरेआड बसून फोटो काढण्यासाठीचा कापडाचा, झापांचा आडोसा. जेमतेम 13 सेंटिमीटरचा हा पक्षी वहाळाच्या (ओढ्याच्या) मातीच्या दरडीत आडवे बीळ करतो. पिल्ले झाली की नरमादी दोघेही पाली, सापसुरळ्या, बेडूक, छोटे खेकडे आणतात. दहा फुटांवर हिरवे कापड हलत असेल तर पक्षी भक्ष्य चोचीत धरून फांदीवर ताटकळतो, बिळात शिरत नाही. छायाचित्रकाराला नेमका तोच फोटो हवा असतो. आत पिल्ले उपाशी असतात.

फोटोत आडव्या येतात म्हणून बिळापुढच्या फांद्या छाटल्या, की घोरपडीला आणि धामणीला वाट मोकळी. दरडीवर माणसे उभी राहिली तर भिजलेली माती बिळासकट खचते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या कलम 2(16) मधील 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांच्या घरट्यांना व अंड्यांना उपद्रव देणेही येते, हे लपणाचे पैसे घेणाऱ्यांना आणि देणाऱ्यांनाही बहुधा ठाऊक नसते.

लपणच बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. फेब्रुवारीनंतर वहाळ आटू लागतात. तेव्हा लपण पाण्यापाशी बांधावे. तीन बाय चार फुटांचे उथळ कुंड पुरते. काठाशी पाणी बोटाच्या पेराएवढे, मध्ये फार तर दोन इंच. खोल पाण्यात शिंजीर, माशीमार असे छोटे पक्षी उतरतच नाहीत. काठ खडबडीत ठेवावा, गुळगुळीत सिमेंटवर पाय घसरतो. वर टांगलेल्या डब्याला बारीक भोक पाडून थेंब पडता ठेवला तर नुसत्या आवाजाने कस्तूर, श्यामा, स्वर्गीय नर्तक येतात. शेवाळ दर दोन दिवसांनी नारळाच्या सोडणाने घासावे, साबण अजिबात नको.

लपण कुंडापासून 15 ते 20 फुटांवर, 400-500 मिलिमीटरच्या लेन्सला सोयीचे. लेन्स पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीत हवी, म्हणून आतली जमीन दोन फूट खणतात. जांभ्याच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) ते जमत नाही; तिथे चिऱ्यांचे दोन थर लावून कुंडच उंच करावे.

सर्वांत जास्त चुकते ते मागच्या बाजूला. ग्रीन नेटचा एकच पदर लावला आणि पाठीमागून उजेड आला, की माणसाची सावली पक्ष्याला स्पष्ट दिसते. मग 'आज पक्षीच नाहीत' म्हणायचे! नेट दुहेरी, आतून काळे कापड, पाठीला माडाचे दाट झाप आणि लेन्सच्या भोकाभोवती सैल कापडाची बाही एवढे केले तर पक्षी बिनधास्त आंघोळ करतात. कपडे गडद असावेत, शटर मूक ठेवावे, फ्लॅश नको. आंघोळीतले तुषार गोठवायला 1/1600 सेकंदाचा शटरवेग लागतो; सावलीत त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) 3200 च्या पुढे न्यावा लागला तर न्यावा. दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही.

आत उजाडण्यापूर्वी शिरावे, पण बसण्याआधी बॅटरीने जमीन आणि झापांचे कोपरे पाहावेत, फुरसे तिथेच असते. पाण्यावर वर्दळ दहाच्या सुमारास वाढते. मध्येच उठून चहाला गेलात तर पुढचा तासभर वाया. जायचेच तर कुंड रिकामे पाहून मागच्या दाराने. एका लपणात तिघांपेक्षा जास्त बसवू नयेत. अळ्या टाकणे, मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवणे हे प्रकार पाणी असताना लागतच नाहीत.

होमस्टेवाल्यांना एक विनंती. कुंड एकदा सुरू केले, की गिऱ्हाईक असो नसो, वहाळाला पावसाचे पाणी येईपर्यंत ते रोज भरावे. मे महिन्यात आसपासचे पक्षी त्याच पाण्यावर येत असतात.

आपले,
काही पक्षीनिरीक्षक, चिपळूण